गेन सगळेच देतात, तू क्लीन ऐक

अगं, अ‍ॅम्पसाठी पैसे जमले हे वाचून फार बरं वाटलं. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे आहेत ते, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. तुझी मागणी मी नीट वाचली. मेटलच्या रिफ कडक वाजायला हव्यात, बँडमधल्या हळुवार गाण्यांना स्वच्छ आवाज हवा, मधला थोडा खरखरीत क्रंचही हवा, आणि हे सगळं एकाच ट्यूब अ‍ॅम्पमध्ये. मागणी रास्त आहे. फक्त तू अ‍ॅम्प ज्या क्रमाने ऐकते आहेस तो उलटा कर. तू आधी प्रत्येकाचा सगळ्यात तिखट आवाज ऐकतेस आणि मन लावून बसतेस. आज बाजारात हाय-गेन म्हणून जे काही मिळतं, त्यात तुला लागेल त्याहून जास्त गेन असतोच. तिथे कुणी कमी पडत नाही. कमी पडतात ते क्लीनमध्ये, आणि क्लीन व मेटल यांच्या मधल्या पट्ट्यात.

ही अडचण मोठमोठ्यांनाही आली आहे. तुझ्या आवडत्या, मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या, म्हणजे १९८६ सालच्या रिफमागे मेसा बूगीचा मार्क टू सी प्लस आहे. पण मेटॅलिकाचा क्लीन आवाज म्हणशील तर त्यासाठी ते वर्षानुवर्षं रोलंडचा जाझ कोरस वापरत आले, आणि त्यात एकही ट्यूब नाही. म्हणजे ज्यांना हवे तितके अ‍ॅम्प घेणं परवडत होतं, त्यांनी एकाच अ‍ॅम्पवर दोन्ही कामं टाकली नाहीत. तुला ती टाकायची आहेत. म्हणून परीक्षा कडक घ्यायची.

गेन तयार कसा होतो हे एकदा समजून घे, म्हणजे विक्रेत्याच्या बोलण्यातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं ते तुझं तुला कळेल. पुढच्या भागात छोट्या ट्यूब असतात, बहुतेक ठिकाणी १२एएक्स७. तिच्या एका काचेत दोन ट्रायोड असतात, म्हणजे सिग्नल वाढवण्याच्या दोन पायऱ्या. एका पायरीने वाढवलेला सिग्नल पुढच्या पायरीला झेपेना की त्याची टोकं कापली जातात. तेच आपलं डिस्टॉर्शन. लंडनला जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२च्या सुमारास जो पहिला जेटीएम ४५ झाला, तो फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पवरून बेतलेला होता. त्यात पायऱ्या थोड्या, म्हणून फाटलेला आवाज हवा तर अख्खा अ‍ॅम्प जोरात लावावा लागे. पुढे कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टनमध्ये फेरफार करत बूगी घडवला, पायऱ्या वाढवल्या आणि शेवटी मास्टर व्हॉल्यूम दिला. आवाज फाडायचा एका नॉबने, मोठा करायचा दुसऱ्याने. माइक सोल्डानो यांचा १९८७चा एसएलओ १०० आणि एडी व्हॅन हेलनसोबत केलेला पीव्हीचा १९९२चा ५१५० हे त्याच वाटेने आणखी पुढे गेले. तुला आज दुकानात दिसणारे बहुतेक हाय-गेन अ‍ॅम्प या दोन-तीन घराण्यांतलेच.

आता यातली खरी मेख. टोनचे नॉब या पायऱ्यांच्या आधी बसवलेत की नंतर, यावर अ‍ॅम्पचा स्वभाव ठरतो. मेसाच्या मार्क मालिकेत ते आधी आहेत. बास तिथे वाढवलास तर तो फाटण्याआधीच शिरतो आणि सगळी रिफ चिखल होते. म्हणून मार्क वाजवणारे बासचा नॉब अगदी खाली ठेवतात आणि समोरच्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर तो बास परत भरून घेतात. मेसाच्याच रेक्टिफायर अ‍ॅम्पमध्ये टोनचे नॉब नंतर येतात. तिथे खालचा आवाज भरभक्कम मिळतो, पण भरभर पाम म्यूट करताना तो सैल वाटतो. त्यावर उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: अ‍ॅम्पच्या आधी आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर लावायचा, त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल भरपूर. ७२० हर्ट्झच्या खालचा भाग तो हळूहळू पातळ करतो आणि रिफ आवळून येते. पेडल तुझ्याकडे आहेच. तेव्हा एखादा अ‍ॅम्प सैल वाटला म्हणून लगेच नापास करू नकोस, आधी तो पेडल लावून बघ.

चॅनेल किती आहेत हे मोजण्यात वेळ घालवू नकोस. त्या चॅनेलांत काय सामायिक आहे ते बघ. मार्शलच्या डीएसएल ४० मध्ये दोन चॅनेल आहेत आणि ट्रेबल, मिडल, बास दोघांना एकच. ईव्हीएचच्या ५१५० थ्रीच्या ५० वॉटच्या हेडमध्ये तीन चॅनेल, पण क्लीन आणि क्रंच यांना टोनचे नॉब एकच. त्याच मालिकेतल्या १०० वॉटच्या हेडमध्ये तिघांना वेगवेगळे. मार्शलच्या जेव्हीएम ४१० मध्ये चारही चॅनेलला स्वतंत्र. हे का महत्त्वाचं? क्लीन गोड लागावा म्हणून तू मिडल उतरवशील आणि पुढच्या कडव्याला लीडवर गेलीस की तुझा सोलो ड्रमखाली गाडला जाईल. गाणं चालू असताना वाकून नॉब फिरवायला वेळ नसतो. सामायिक नॉब असतील तर दोन्ही चॅनेलना चालेल अशी एक मधली जागा तुला दुकानातच सापडली पाहिजे. ती सापडली नाही तर तो अ‍ॅम्प कितीही नावाजलेला असो, तुझ्या बँडसाठी नाही.

वॉटचंही सांगते, कारण तुझ्या बँडमधल्या मुलांनी ‘वीस वॉट पुरे’ असं तुला सांगितलंय. ते निम्मं खरं आहे. शंभराचा पन्नास वॉट केला तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला निम्मा आवाज वाटायला वॉट दहापट उतरवावे लागतात. त्यामुळे नुसतं मेटल वाजवायचं असेल तर ड्रमसमोर वीस वॉटही तग धरतात, फाटलेल्या आवाजाला फार जागा लागत नाही. पण क्लीनला लागते. तुला ड्रमरच्या वर ऐकू येईल एवढा क्लीन, तोही न फाटता हवा असेल तर वीस वॉट लवकर हात टेकतात. सगळ्या तऱ्हांचं वाजवणाऱ्याला म्हणूनच चाळीस-पन्नास वॉट लागतात. घरासाठी निम्म्या पॉवरचं बटण आहे म्हणून भुलू नकोस, निम्मी पॉवर म्हणजे तेच ३ डेसिबल. घरी महत्त्वाचा असतो तो मास्टर व्हॉल्यूम. काही अ‍ॅम्पचा मास्टर शून्यावरून केसभर सरकवला की एकदम अंगावर येतो, काहींचा हळूहळू चढतो. तुझ्या फ्लॅटमध्ये, भिंतीपलीकडे आजोबा झोपलेले असताना, तू रोज त्याच केसभर जागेत वाजवणार आहेस.

दुकानात जाशील तेव्हा स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल ने. मुलगी दिसली की दुकानातला माणूस पटकन स्वतःच वाजवून दाखवायला बसतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. नम्रपणे थांबव आणि गिटार तुझ्या गळ्यात घे. पैसे तुझे, बोटं तुझी, कानही तुझेच.

मग हे कर. सगळे टोनचे नॉब मधोमध, रिव्हर्ब बंद. क्लीन चॅनेलवर मोकळा जी कॉर्ड घे आणि एकेक तार सावकाश छेड. सहाही तारा वेगळ्या ऐकू येतात का? वरच्या दोन तारा काचेसारख्या टोचतात का? आवाज बँडच्या पातळीपर्यंत चढव आणि पुन्हा तेच कर. मग क्रंचवर ये, गेन अर्ध्याच्या खाली ठेव आणि गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आण. चांगला अ‍ॅम्प इथे उजळतो, जवळजवळ क्लीन होतो. वाईट अ‍ॅम्प नुसताच लहान आणि बोथट होतो. मला विचारशील तर सगळ्या चाचणीतली ही एक गोष्ट सोडून बाकी काही केलं नाहीस तरी चालेल. लीड चॅनेल शेवटी. तिथेही गेन पूर्ण लावू नकोस. जाड ई तारेवर पाम म्यूट कर आणि हात घट्ट दाबून थांब. आवाज तिथल्या तिथे तुटला पाहिजे. मग नुसती गप्प उभी राहा आणि किती सूं-सूं येते ते ऐक. थोडी येणारच, पण तिच्यावर गाणं म्हणता येईल इतकी नको. डिले वापरतेस, तेव्हा मागे इफेक्ट लूप आहे ना तेही बघ. डिस्टॉर्शनच्या आधी डिले लावला की नुसता गोंगाट होतो.

स्पीकर हा अर्धा अ‍ॅम्प असतो. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० मिड पुढे काढतो, बँडमध्ये गिटार हरवत नाही. ग्रीनबॅक मऊ आहे, पण एकटा २५ वॉटचाच, पन्नासच्या हेडला एकटा जोडू नकोस. पाठ उघडी असलेल्या काँबोतून क्लीन खोलीभर पसरतो, बंद कॅबिनेटमधून पाम म्यूटचा धक्का छातीत बसतो. काँबो घेतलास तरी पुढे बंद कॅब जोडता येतो.

आता सुरक्षेचं, आणि हे गांभीर्याने घे. दादा अमेरिकेतून येतोय, तिथे स्वस्त मिळेल, हा विचार तुझ्या डोक्यात असेलच. तिथला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे भिंतीत २३०. तो सरळ लावलास तर फ्यूज उडेल, नाहीतर ट्रान्स्फॉर्मर जळेल. आणायचाच असेल तर पुरेशा ताकदीचा स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर हवा. पन्नास वॉटच्या अ‍ॅम्पला ५०० व्हीएचा घे. वॉरंटी मात्र तिकडेच राहते. दुसरं, स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही चालू करायचा नाही. आतला आउटपुट ट्रान्स्फॉर्मर त्यात जातो आणि तो सगळ्यात महागडा भाग. अ‍ॅम्पचे ओहम आणि कॅबचे ओहम जुळले पाहिजेत, आणि मध्ये स्पीकरचीच केबल, गिटारची नव्हे. तिसरं, मागचं झाकण स्वतः उघडू नकोस. आत चारशे-पाचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात. जीव जाऊ शकतो.

ट्यूबचा खर्चही धरून चाल. छोट्या वर्षानुवर्षं टिकतात, मोठ्या, म्हणजे ईएल३४ किंवा ६एल६, लवकर थकतात आणि जोडीनेच बदलाव्या लागतात. बदलल्यावर बायस जुळवून घ्यावा लागतो. नव्या ट्यूब आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथेच बनतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली तेव्हा जगभरच्या वादकांची पळापळ झाली होती. एक जोडी घरात ठेवलेली बरी. आणि घेण्याआधी तुझ्या गावात ट्यूब अ‍ॅम्प दुरुस्त करणारा कोण आहे याची चौकशी कर. तो माणूस ज्या अ‍ॅम्पला हात लावायला तयार असेल, त्या अ‍ॅम्पला माझ्याकडून जास्तीचे गुण.

माझं मत विचारलंस, तर सांगते. मेसाचा मार्क फाइव्ह या सगळ्यांत खरोखर बहुरूपी आहे: तीन चॅनेल, नऊ मोड, आणि प्रत्येक चॅनेलला १०, ४५ किंवा ९० वॉट निवडायची सोय. पण तो समजून घ्यायला वेळ लागतो आणि पैसे तर त्याहून जास्त लागतात. तुझा बँड निम्म्याहून अधिक मेटल वाजवत असता तर मी डोळे मिटून ५१५० थ्री सांगितला असता. पण तू पाठवलेल्या गाण्यांत क्लीन आणि क्रंचच जास्त आहे. तुझ्यासाठी डीएसएल ४० काँबो. त्याचा क्रंच गिटारच्या व्हॉल्यूमला छान दाद देतो, ईएल३४ सहज मिळतात, पुढे तुझा ट्यूब स्क्रीमर लावलास की मेटलही व्यवस्थित निभतं. त्याचे टोनचे नॉब सामायिक आहेत हे वर सांगितलंच आहे, तेव्हा ती मधली जागा मात्र तिथेच शोधून बघ. वजन वीस किलोच्या वर आहे, तिसऱ्या मजल्यावर एकटीने उचलू नकोस. आणि दुकानात कधी जाणार ते आधी कळव, मी रजा टाकून येते.