हात बसायचा कसा?

प्रश्न : मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. सिझेरियन भरपूर मिळतात. पण गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत मी रिट्रॅक्टर धरूनच उभी असते. ३ वर्षांत हात कसा बसणार?

उत्तर : तुमची तळमळ रास्त आहे. अख्खी शस्त्रक्रिया मागू नका, एक पायरी मागा. ‘मॅडम, आज राउंड लिगामेंट मी बांधू का?’ ती जमली की पुढची.

आदल्या रात्री तयारी करा. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. हे चित्र कागदावर काढा, मूत्राशय आधी खाली का सरकवायचे आणि क्लॅम्प कुठे लावायचा हे स्वतःला समजावा. ज्याची उत्तरे तयार असतात, त्याच्या हाती शिक्षक निर्धास्तपणे क्लॅम्प देतात.

कॉटच्या दांडीला दोरा बांधून रोज दोन्ही हातांनी गाठी मारा. खोक्यात मोबाईलचा कॅमेरा लावून, पडद्याकडे बघत चिमट्याने मटार उचला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी नजर तयार होते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावातला बी-लिंच टाका स्पंजच्या गर्भाशयावर गिरवा. मध्यरात्री रक्त वाहत असताना पुस्तक उघडायला वेळ नसतो.

शस्त्रक्रियेनंतर शिक्षकांकडे ५ मिनिटे मागा : काय जमले, काय चुकले? ते त्याच दिवशी लॉगबुकात लिहा.

आम्हा शिक्षकांनाही सांगणे आहे : शेजारी उभे राहून शिकवू या. आज टेबलावर नीट शिकलेला हात उद्या तालुक्याच्या रुग्णालयात एखाद्या आईचा जीव वाचवणार आहे.