गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

एप्रिलात आमच्या वाघ्याच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा गल्लीत सगळ्यांचं एकच निदान: ऊन बाधलं, घोळणा फुटला. सोलापूरच्या उन्हात माणसांचा फुटतो, कुत्र्याचा का फुटणार नाही? डॉक्टरांनी मात्र आधी कान उलटून पाहिला. आत गोचिडी. रक्त तपासलं तर प्लेटलेट घसरलेल्या आणि गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिया जंतूची लागण. महिनाभर डॉक्सिसायक्लिन चाललं. वाघ्या वाचला.

गोचीड डोळ्यांआधी बोटांना सापडते. कानात, पट्ट्याखाली, पंजाच्या बेचक्यात, जांघेत चाचपा. पोटावरचा दाणा मात्र ओढण्याआधी नीट बघा. नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात, आणि तीच चिमटीत धरून ओढणारे महाभाग आहेत! पाय दिसले तर गोचीड. मोठीला आठ, नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा. उडी मारून पसार झाली तर ती पिसू. एरंडाच्या बीएवढी फुगलेली, राखाडी, ती मादी. तिच्याजवळचा चपटा तपकिरी किडा तिचं पिल्लू नव्हे, नर.

आमच्याकडे कुत्री पंढरपुरी म्हशींच्या गोठ्यातही लोळतात. पायांवर फिकट पट्टे आणि लांब सोंड दिसली तर ती बहुधा गुराढोरांवरची हायलोमा. अंगभर एकसारखी तांबूस-तपकिरी, नक्षी नाही, ती कुत्र्याची गोचीड, आणि घरात ठाण मांडते ती हीच. रक्त पिऊन दर वेळी खाली उतरते, भेगेत कात टाकते, पुन्हा कुत्रा गाठते. मादी तिथंच हजारो अंडी घालते. शिवाय ती वर चढते, म्हणून दगडी भिंतीचे सांधे, चौकटीमागची फट, पडद्याच्या घड्या बघा. आम्ही गवंडी बोलावून सांधे बुजवले. खरं सांगायचं तर औषधाइतकाच गुण त्याचा आला.

काढायची ती चिमट्यानं, कातडीलगत धरून, सरळ वर. रॉकेल, पेटती काडी नको. बोटांत चिरडू तर नकाच. या गोचिडीपासून माणसालाही ताप येतो. गोठ्यात फवारायचं औषध अंदाजानं कुत्र्यावर ओतू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचं औषध आणूच नका, मांजराच्या जिवावर बेततं.

काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकून डॉक्टरांना दाखवा. कुत्रा मलूल पडला, हिरड्या पांढुरक्या झाल्या, लघवी गडद तांबूस आली, तर गोचिडीतूनच येणारा बॅबेसिया हा परजीवी असू शकतो. तेव्हा संध्याकाळची वाट पाहू नका.