बाळाचा पहिला घास आपल्याच कोठीतून



गव्हाची मळणी झाली की ट्रॉली मंडीची वाट धरते. सोयाबीनचेही तसेच. भोपाळ, सीहोर, विदिशा या पट्ट्यातली आपली काळी जमीन गहू, हरभरा, मसूर भरभरून देते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे ३६ मुले वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. या खुरटण्याचा मोठा भाग सहा महिने ते दोन वर्षे या वयात घडतो. गरिबी आणि आजारपण ही त्याची कारणे आहेतच. परंतु ज्या घरात धान्याची पोती रचलेली असतात, त्या घरातही आठ महिन्यांचे बाळ डाळीच्या वरच्या पाण्यावर राहिलेले दिसते. म्हणून आजचा पाठ बाळाच्या पहिल्या अन्नाविषयी.

सहा महिनेच का?

पहिले सहा महिने आईचे दूध पुरे. पाणी नको, घुटी नको, मध नको. जन्मताना बाळाच्या अंगात लोहाचा जो साठा असतो तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि दुधातून ते फार थोडे मिळते. वाढही झपाट्याने होत असते. म्हणून सहा महिने पुरे होताच वरचे अन्न सुरू करावे. मान सावरणे, आधाराने बसणे, ताटाकडे हात नेणे या तयारीच्या खुणा होत. दात येण्याची वाट पाहू नये. अंगावरचे दूध मात्र दोन वर्षे आणि त्यापुढेही चालू ठेवावे.

पाणी नको, घट्ट हवे

बाळाचे पोट लहान. एका वेळी वाटीभरच मावते. ती वाटी डाळीच्या पाण्याने भरली तर पोट भरते, पण अंगाला काही लागत नाही. डाळ तळाशी असते, ती घोटूनच द्यावी. घट्टपणाची परीक्षा सोपी आहे : चमचा किंचित कलता केला तर घास चमच्यावर टिकावा, धार लागली तर ते पातळ समजावे. वाटीत अर्धा-एक चमचा तूप किंवा तेल घातले की तेवढ्याच घासात ताकद वाढते.

खिमट आणि घरचे पीठ

आपल्या आज्या करीत असत ते खिमट उत्तम. दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मूगडाळ धुऊन वाळवावी, मंद भाजून जाडसर दळावी आणि लागेल तेव्हा पाण्यात मऊ शिजवावी.

गव्हाच्या मुलखात दुसरा प्रकार सोयीचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गहू, भाजलेला हरभरा, शेंगदाणे व गूळ यांचे मिश्रण तयार केले होते. गूळ वगळून त्याचे प्रमाण असे : गहू ४०० ग्रॅम, डाळे १६० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम. दोन वर्षांपर्यंत गूळ-साखर घालू नये असाच आजचा सल्ला आहे. गहू व शेंगदाणे वेगवेगळे भाजावेत आणि सगळे एकत्र बारीक दळावे. बुरशी आलेला किंवा काळा पडलेला दाणा निवडून टाकावा. पंधरवड्यापुरतेच दळून झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे.

लापशी फार घट्ट होऊन बाळ गिळत नसेल तर पाणी वाढवू नये. गहू रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. कडकडीत वाळवून, हलके भाजून दळावेत. शिजलेल्या गरम लापशीत हे पीठ चमचाभर घालून ढवळले आणि पुन्हा एक उकळी दिली की लापशी सैल होते, अन्न मात्र तेवढेच राहते. मोडातील पाचक द्रव्याचा हा गुण आहे.

सोयाबीनबद्दल एक सूचना. ते कच्चे दळून बाळाला कधीही देऊ नये. कच्च्या सोयाबीनमधील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाबीन प्रक्रियेवर पुष्कळ काम झाले आहे. मोठ्यांच्या पोळीसाठी पीठ करणाऱ्यांनी तेथील पद्धत शिकून घ्यावी.

भाजी, फळ, अंडे

भोपळा, गाजर, बटाटा वाफवून पुरणयंत्रातून काढावे किंवा वाटीच्या बुडाने रगडावे. पिकलेली पपई व केळे नुसते कुस्करावे. शेवग्याचा कोवळा पाला डाळीत शिजवून घोटावा. पूर्ण उकडलेले अंडे, बारीक वाटलेली कोंबडी, काटे काढलेली मासळी हीसुद्धा सहा महिन्यांनंतर चालतात आणि लोहासाठी फार उपयोगी पडतात. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा व दोन-तीन दिवस पाहावे. बाळाने तोंड फिरवले तर जबरदस्ती करू नये; काही दिवसांनी पुन्हा द्यावे. आठव्या-नवव्या महिन्यापासून गुळगुळीत वाटणे कमी करून गुरगुट्या भात, कुस्करलेली पोळी असे जाडसर द्यावे.

किती व किती वेळा?

आरंभी दोन-तीन चमचे. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिने अर्धी वाटी, तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चारदा, शिवाय मधल्या वेळी फळ. येथे वाटी म्हणजे पाव लिटरची.

हे टाळावे

वर्षाच्या आत मध, वरचे मीठ आणि साखर नको. चहा-बिस्किट हे अन्न नव्हे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कच्चे गाजर घशात अडकतात. हात साबणाने धुवावेत, ताजे शिजवावे, उरलेले तासन्‌तास ठेवू नये, बाटली वापरू नये. जुलाबात अन्न तोडू नये. जलसंजीवनी, अंगावरचे दूध आणि थोडे थोडे अन्न चालूच ठेवावे व दवाखाना गाठावा.

जामखेडचा धडा

आपल्याच राज्यात, जबलपूरला जन्मलेल्या डॉ. मेबल आरोळे आणि त्यांचे पती डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० साली नगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. १९७१ मध्ये तेथील खेड्यांत जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. डॉक्टर दांपत्याने शेतकरी मंडळे उभी केली, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. बाळाला काय भरवावे, जुलाबात काय करावे, हे त्या शेजारणींना घरी जाऊन सांगत. पाणी, लसी, औषधे या सर्वांची जोड होतीच. वीस-बावीस वर्षांत तो आकडा विसाच्या आसपास आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आपला हिशेब करू या. रोज ६० ग्रॅम घरचे पीठ धरले तर एका बाळाला वर्षाला सुमारे २२ किलो लागते. म्हणजे १३ किलो गहू, साडेपाच किलो डाळे आणि साडेतीन किलो शेंगदाणे. अर्ध्या पोत्याहूनही कमी! बियाणे जसे आपण आधी बाजूला काढतो, तसेच हे धान्य ट्रॉली भरण्याआधी काढून ठेवावे. पेरणीच्या व काढणीच्या दिवसांत आई रानात असते. तेव्हा बाळाला कोण भरवणार हेही आधीच ठरवावे. आजीने व बापानेही वाटी-चमचा हातात घ्यावा.

घरी चर्चा करा

१. आपल्या बाळाला डाळ मिळते की डाळीचे पाणी?
२. शेवटचे वजन अंगणवाडीत केव्हा केले? ते वाढले का?
३. या हंगामात बाळाच्या वाट्याचे धान्य कोणत्या डब्यात ठेवणार?