नारळाच्या पाण्याचं चामडं

तेलाच्या घाण्यावर, देवळात, खानावळीत पक्के नारळ फुटतात आणि पाणी मोरीत जातं. ते मागून आणा, आपण त्याचं चामडं करू. केरळात 'मलाई' नावाची कंपनी असंच काहीतरी करून विकते, तेव्हा शंका नको. फक्त पावसाळा टाळा. वाळायच्या आत बुरशी धरते.

साहित्य: नारळाचं पाणी 2 लिटर (पंधरा-वीस नारळांचं), साखर 200 ग्रॅम, व्हिनेगर 200 मिली, कोंबुचाची (आंबवलेल्या चहाची) जिवंत चकती तिच्या पेलाभर आंबट पाण्यासकट (ऑनलाइन मिळते), ग्लिसरीन, रंगाच्या दुकानातलं जवसाचं तेल, वहीच्या आकाराचा खोलगट काचेचा किंवा प्लास्टिकचा डबा, सुती कापड, लाकडी फळी.

1. पाणी फडक्यातून गाळा. खोबऱ्याचा कणही राहू देऊ नका.

2. लगेच उकळी आणा. फोडलेल्या नारळाचं पाणी काही तासांत नासतं, 'उद्या बघू' चालत नाही.

3. साखर घालून विरघळवा.

4. पूर्ण गार होऊ द्या. पातेलं बाहेरून कोमट लागलं तरी थांबा, नाहीतर चकती मरेल.

5. व्हिनेगर घालून ढवळा.

6. मिश्रण स्वच्छ डब्यात ओता.

7. चकती आंबट पाण्यासकट अलगद सोडा. बुडाली तरी घाबरू नका, नवा थर वरच धरतो.

8. तोंडावर कापड ताणून बांधा. झाकण नको, हवा हवी. कापड सैल राहिलं तर चिलटं शिरतात.

9. डबा उबदार, सावलीच्या कोपऱ्यात दोन-तीन आठवडे ठेवा. इथेच हात शिवशिवतात! डबा हलला की नवा थर जुन्याला चिकटत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. वर पांढरट, गुळगुळीत साय दिसली की समजा, जमतंय. हिरवे-काळे केसाळ ठिपके दिसले तर सगळं फेका. खरवडून वाचवायला जाऊ नका.

10. साय करंगळीएवढी जाड झाली की बाहेर काढा. जुनी चकती आणि पेलाभर पाणी पुढच्या खेपेला राखून ठेवा.

11. साबणाच्या गार पाण्यात धुवा. आंबट वास जाईपर्यंत पाणी बदला.

12. लिटरभर पाण्यात 100 मिली ग्लिसरीन मिसळून साय रात्रभर बुडवा. कंटाळा केलात तर वाळल्यावर घडी घालताच तडकेल.

13. फळीवर पसरून तळहाताने बुडबुडे बाहेर काढा.

14. सावलीत पंख्याखाली वाळवा, रोज उलटा. उन्हात कडा वळतात. जाडी जेमतेम मिलिमीटरभर उरेल, कमीही. फसलं असं वाटेल, पण ते असंच असतं.

15. जवसाचं तेल अगदी पातळ पुसा. तेलाची चिंधी लगेच पाण्यात बुडवा. बोळा करून टाकलीत तर आपोआप पेट घेऊ शकते.

16. तेल हाताला लागेनासं झालं की कात्रीने कापा.

वहीचं वेष्टण, चष्म्याचं पाकीट, पुस्तकातली खूण यांसाठी हे झकास. चपला, दप्तर यांच्या फंदात पडू नका. पाणी लागलं की हे चामडं फुगतं.