खाडीचें पाणी आणि पटकीचा जंतु

(वाचावयाचा शास्त्रभाग : २ राजे २ : १९-२२)

यरीहो नगराचें पाणी वाईट होतें, तेव्हां अलीशा संदेष्ट्यानें नव्या पात्रांत मीठ मागवून तें झऱ्याच्या मुखाशीं टाकलें व प्रभूनें तें पाणी निरोगी केलें, ही कथा आपल्या मंडळ्यांतील मुलांसही ठाऊक आहे. ती ऐकतांना मनांत सहज येतें कीं, मिठानें पाणी शुद्ध होतें. परंतु शास्त्रभाग नीट वाचला तर पाणी बरें करणारा प्रभु आहे, मीठ नव्हे. हा भेद पेण व रोहें येथील बंधुभगिनींनीं विशेष ध्यानांत ठेवावा. कारण पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतु थोड्याशा मिठानें मरत नाहीं, उलट त्यास तें मानवतें.

आपल्या भागाचें पाणी कसें आहे तें पाहा. पेणची भोगावती आणि अंबा नदी धरमतरच्या खाडीकडे जातात. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीस मिळते. भरतीबरोबर समुद्राचें पाणी आंत चढतें, ओहोटीबरोबर नदीचें गोडें पाणी खालीं उतरतें, आणि दोहोंच्या मिश्रणानें तें मचूळ होतें. उधाणानें बाहेरच्या बंधास खांड पडली, म्हणजे तेंच पाणी शेतांत व तळ्यांतही शिरतें. निव्वळ खारें नाहीं, निव्वळ गोडें नाहीं, आणि वर्षभर उबदार, असें पाणी या जंतूस फार सोयीचें असतें.

डॉ. रॉबर्ट कॉख यांस १८८४ सालीं कलकत्त्याच्या एका तलावांत हा जंतु आढळला. त्या तलावाभोंवतीं पटकीचे रोगी होते. म्हणून पुढें पुष्कळ वर्षें विद्वानांची समजूत अशी राहिली कीं, तो माणसाच्या आंतड्यांतून पाण्यांत येतो आणि तेथें थोडक्याच दिवसांत मरतो. मग साथ नसते तेव्हां तो राहतो तरी कोठें? याचा उलगडा डॉ. रीटा कॉलवेल व त्यांचे सहकारी यांच्या शोधांनीं होऊं लागला. अमेरिकेतील चेसापीक नांवाच्या मोठ्या खाडींत, जेथें पटकीची साथ कित्येक वर्षांत नव्हती, तेथेंही त्यांस हा जंतु मिळाला. खाडी हेंच त्याचें मूळचें घर होय.

या घरांत तो एकटा फिरत बसत नाहीं. कोळंबीच्या कुळांतले, पण मिठाच्या कणाएवढे लहान जीव पाण्यांत असतात. त्यांस कोपेपॉड म्हणतात. कोळंबीच्या कवचाप्रमाणेंच त्यांचें कवचही कायटिन नांवाच्या द्रव्याचें असतें. जंतु त्या कवचास चिकटतो, त्यावर वाढतो व तेंच विरघळवून खातो. एकेका कोपेपॉडावर असे हजारों जंतु असूं शकतात. अन्न तुटलें किंवा पाणी थंड झालें, तर तो आपला स्वल्पविरामासारखा वांकडा आकार टाकून बारीक गोळा होतो व निजल्यासारखा राहतो. त्या स्थितींत प्रयोगशाळेंतील नेहमींच्या रीतीनें तो वाढत नाहीं, म्हणून तपासणारा म्हणतो, पाणी निर्दोष आहे. आणि जंतु मात्र जिवंत असतो. ही गोष्ट १९८२ सालीं प्रसिद्ध झाली.

येथें एक सांगितलें पाहिजे. पाण्यांतला असा प्रत्येक जंतु पटकी करीत नाहीं. जुलाबाचें विष करण्याची शक्ति त्यांतील थोड्यांसच असते, आणि ती एका विषाणूच्या द्वारें एकापासून दुसऱ्यास मिळते, हें १९९६ सालीं कळलें. तेव्हां खाडींत उतरणाऱ्या कोळ्यांनीं भयभीत होण्याचें कारण नाहीं. कच्चें पाणी पिऊं नये व कोळंबी, जवळा चांगला शिजवावा, म्हणजे झालें.

पटकी आली कीं गांव विचारतो, "ही कोणीं आणली?" पूर्वीं मरीआईचा गाडा वेशीबाहेर लोटीत असत. हल्लीं वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबाकडे, नाहीं तर परगांवच्या पाहुण्याकडे बोट जातें. आपल्या मंडळ्यांतही असें होतें, हें आम्ही दुःखानें लिहितों. रोग्याच्या जुलाबांतून असंख्य जंतु बाहेर पडतात व विहिरींत उतरल्यास सारा वाडा आजारी पडतो, हें खरें. म्हणून मळ पाण्यापासून दूर पुरावा. पण कोणी पाहुणा न येतांही रोगाचें बीज जवळच्या पाण्यांत असूं शकतें. ज्या कुटुंबास विहिरीवरून हांकलून देतात, तें निरुपायानें त्याच मचूळ पाण्याकडे वळतें.

आतां उपाय. जंतु एकटा असला तर कापडांतून निसटतो. कोपेपॉडावर बसलेला मात्र अडकतो. बांगलादेशांतील मतलब भागाच्या ६५ खेड्यांत जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. त्याचा निकाल २००३ सालीं छापून आला. पटकीचे रोगी सुमारें निम्म्यानें कमी झाले. आपल्या वडीलधाऱ्यांस यांत नवल वाटणार नाहीं. नारूचा जंतु ज्या सायक्लॉप्सच्या पोटांत असे, तोही कोपेपॉडच; नारूसाठीं पाणी गाळण्याची शिकवण दिली गेली, आणि २००० सालीं भारत त्या रोगांतून मुक्त ठरला.

कापड सुती व जुनें असावें, कारण धुऊन धुऊन त्याचे धागे फुगतात व छिद्रें बारीक होतात. त्याची चार पदरी घडी करावी. गाळल्यावर पाणी खळखळून उकळावें. सरपण नसेल तर आरोग्यसेविकेकडून क्लोरिनचें औषध घ्यावें. घडी गाळलेल्या पाण्यांत खळबळून उन्हांत वाळवावी.

शिक्षकांनीं येत्या रविवारीं तळ्याचें पाणी कांचेच्या पेल्यांत घेऊन उजेडाकडे धरावें. उड्या मारीत जाणारे पांढरे ठिपके दिसल्यास ते मुलांकडून मोजवून घ्यावे, मग पाणी घडीतून गाळून पुन्हां मोजवावे.