पिल्लू आणण्याआधी: आत्याचा कानमंत्र

पोरी, माझ्या दादासाठी कुत्र्याचं पिल्लू आणायचं तुझ्या मनात आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं. हृदयाचं दुखणं झाल्यापासून त्याचं बाहेर पडणंच थांबलंय. तुम्ही दोघं कामावर गेलात की दिवसभर घरात तो एकटा. त्याला सोबत हवीच आहे. पण जनावर दारात आलं की तब्येत आपसूक सुधारते, अशी समजूत करून घेऊ नकोस. त्याच्यासाठी उठावं लागतं, चालावं लागतं, वेळा पाळाव्या लागतात, आणि अंगाला लागतं ते हेच. म्हणून आधी चार गोष्टी कानावर घालते.

पट्टा दादाच्या हाती दे. अमेरिकेत हृदयविकाराच्या ९२ रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवलं होतं, १९८० साली ते प्रसिद्ध झालं. घरात प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, नसलेल्या ३९ जणांपैकी ११. माणसं थोडी होती, त्यामुळे एवढ्यावर हवाला ठेवू नये. पण २०१३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननंही सांगितलं की प्राणी, विशेषतः कुत्रा पाळणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी असू शकतो. त्याचं एक मोठं कारण चालणं. केवळ हृदयासाठी म्हणून प्राणी आणू नका, असंही त्यांनीच बजावलंय. मोठ्या माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज सकाळी अर्धा तास गोदापार्कला फेरी झाली, तर पाच दिवसांत हिशेब पुरा होतो. किती चालायचं ते मात्र दादाच्या डॉक्टरांना विचारून घे.

फिरायला जाताना पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही. पिल्लू मांजरामागे झेपावलं की म्हातारा माणूस तोंडावर पडतो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच अवघड होतं. पायात चप्पल नको, बूट हवेत. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरी परतायचं. रस्ता तापलाय का ते हाताचा उलटा पंजा टेकवून बघायचं. आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही.

जात बघू नकोस, जोडी बघ. दादाचं वय आणि आपला उन्हाळा ध्यानात घे. नाशिकची थंडी कितीही नावाजलेली असली तरी उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. बर्फातल्या केसाळ कुत्र्याचे इथे हाल होतात. गावठी पिल्लू आपल्या हवेला सरावलेलं असतं, तेच आण. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नको. आणि दादा पोपट मागेल, तर स्पष्ट नाही म्हण. आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

लशीला ‘उद्या’ नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लशी सुरू होतात, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, मग डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुढच्या मात्रा. जंताचं औषधही त्यांनाच विचारून. सगळं एका वहीत लिहून ठेव. घरच्या किंवा रस्त्यावरच्या कुणाही कुत्र्याचा दात किंवा नख लागलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. लगेच त्र्यंबक रोडचं सिव्हिल गाठायचं आणि लशींच्या ठरलेल्या सगळ्या तारखा पाळायच्या. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो.

आपल्या जिल्ह्याचं वैभव कुत्र्याला वर्ज्य. हे नीट ऐक, कारण नाशिककरांची चूक इथेच होते. फेब्रुवारीत घरात द्राक्षांच्या पेट्या येतात, मणी जमिनीवर गळतात. ते कुत्र्यानं खाल्ले तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती मणी बाधतील याचा नेम नाही, म्हणून एकही नको. बेदाणे तर द्राक्षांहून वाईट, तेव्हा शिऱ्याचं भांडं चाटायला द्यायचं नाही. लासलगावचा कांदाही तसाच. कच्चा असो की शिजलेला, तो कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. रविवारी मिसळीचा उरलेला रस्सा पोळीवर ओतून दिला, तर मायेनं विष घातल्यासारखंच. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ती गोष्ट दादाला फार आवडते. ती माया ठेवावी, पण तूप आणि फोडणी कुत्र्याच्या पोटाला नको. काही भलतं खाल्लंच, तर वाट न बघता पशुवैद्याला फोन कर.

गोचीड रोज बघायची. पिल्लू फेरीहून आलं की त्याला मांडीवर घेऊन कानाच्या आत, कानामागे, मानेच्या पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवायचा. दाणा लागला तर कातडीला लागून चिमट्यात धरायचा आणि सरळ ओढायचा. चिरडायचा नाही. रॉकेल चोळायची जुनी सवय वाईट, त्यानं कातडी जळते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. हे काम दादाकडेच दे. बोटांना काम मिळतं, मन गुंततं, आणि त्या दहा मिनिटांत तो पिल्लाशी बोलत बसतो. कुत्रा आणि धनी एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. आई-बाळाच्या ओढीमागेही तेच द्रव्य असतं.

चिमुकल्याला कुत्र्याजवळ एकटं सोडायचं नाही. म्हणजे मूल असलेल्या घरात कुत्रा नकोच, असं मात्र नाही. स्वीडनमधल्या लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या, तर पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्यांत शाळेच्या वयात दम्याचं प्रमाण सुमारे १३ टक्के कमी निघालं. पण आधीच दमा किंवा ॲलर्जी असलेल्या मुलाला हा न्याय लावू नको, डॉक्टरांना विचार. कुत्रा खात असताना त्याच्याकडे जायचं नाही, शेपटी ओढायची नाही, आणि खेळून झालं की साबणानं हात धुवायचे. एवढं तुझ्या लेकाला आत्ताच शिकव. पुढे मांजर आलंच, तर घरातल्या गर्भवतीनं मांजराची विष्ठा काढू नये. दुसऱ्यानं ती रोजच्या रोज उचलावी.

शेवटचं आणि मोलाचं. कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. दादा आजारी पडला, तुम्ही गावाला गेलात, तर कुत्र्याचं कोण करणार, हे आजच घरात बसून ठरवा. महापालिकेचा परवाना काढा, फेरीला जाताना कागद न्या आणि त्याची घाण उचला. एवढं जमणार असेल तरच पिल्लू आण. आणलंस तर त्याच्या पहिल्या लशीच्या दिवशी दवाखान्यात दादालाच पुढे कर.