आपल्या 'डोया'त काही खोट नाही

अगं, मुलाखतीत तुझ्या तोंडून 'शाया' निघालं, समोरचे हसले आणि तू दोन घास धड जेवली नाहीस, हे आईनं सांगितलं मला. बस जरा माझ्याजवळ.

तुला भाषाविज्ञान शिकायचंय ना? मग अशोक केळकरांचं नाव आधी लक्षात ठेव. पुण्याचे, जन्म १९२९ चा. शिकायला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. तिथं चार्ल्स हॉकेट होते, लेनर्ड ब्लूमफील्डच्या परंपरेतले. ब्लूमफील्डचं 'लँग्वेज' १९३३ साली आलं, आणि भाषेच्या अभ्यासाला शिस्त लागली: लोकांनी कसं बोलावं ते सांगत बसू नका, ते बोलतात ते ऐका, जसंच्या तसं उतरवा, त्यातली रचना शोधा. केळकरांनी याच वाटेनं १९५८ मध्ये मराठीच्या ध्वनींवर आणि पदरचनेवर प्रबंध लिहिला. पुढं डेक्कन कॉलेजात शिकवलं.

आता हीच नजर आपल्या वऱ्हाडी बोलीकडे वळव. डोळा 'डोया', शाळा 'शाया', केळं 'केयं'. एखाद्याच शब्दात असं झालं असतं तर जीभ घसरली म्हणता आलं असतं. पण शब्दामागून शब्दात 'ळ'चा 'य' होतो, म्हणजे तो नियम आहे. 'मी जाऊन रायली' यात काम चालू असल्याची खूण आहे, बोलणारी बाई आहे हेही कळतं. 'मले', 'तुले' यांचीही घडी पक्की आहे. याला अशुद्ध म्हणणाऱ्यानं व्याकरण पाहिलेलं नाही, असं मी ठामपणे म्हणते.

प्रमाण मराठी मात्र मन लावून शीक. परीक्षा आणि नोकरी तिच्यावर अडते, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण तिला तो मान शाळा, छापखाने, कचेऱ्या यांनी दिला. आपली बोली त्यामुळं हलकी ठरत नाही.

ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं केलेल्या भारतीय भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ साली, वऱ्हाडीचे नमुने छापले गेले. मोलाचं काम आहे ते. पण बोलीची आतली वीण उलगडायला घरातलंच माणूस हवं. आता तर आपल्या जिल्ह्यातच, रिद्धपूरला, मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय.

दिवाळीत अकोटला जाशील तेव्हा आजीला जुन्या गोष्टी सांगायला लाव आणि मोबाईलवर रेकॉर्ड कर. मग वहीत उतरव, आणि बाई, तिचा एकही शब्द सुधारू नकोस.